डाइव्हला जाण्याआधी कान तपासा: घरी, दवाखान्यात आणि पूलमध्ये करायच्या चाचण्या

मालवणला किंवा अंदमानला पहिल्यांदा स्कूबा करायला निघालेली माणसं साधारण दोन गोष्टींची चौकशी करतात: पोहता यावं लागतं का, आणि व्हिडिओ मिळतो का. कानांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मग बोटीवरून पाण्यात उतरल्यावर पहिल्या दीड-दोन मीटरांतच कानात सुरी खुपसल्यासारखं होतं, माणूस वर येतो आणि ‘आपल्याला हे जमायचं नाही’ असं कायमचं ठरवून टाकतो. डाइव्हिंगमधली सर्वांत जास्त आढळणारी इजा मध्यकर्णाची असते. ती होण्याची शक्यता कुणाला जास्त आहे, हे बऱ्याच अंशी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी घरबसल्या कळू शकतं.

मी ऐरोलीत राहते, डाइव्ह करते, आणि दर हंगामात ओळखीपाळखीतल्या नवशिक्यांची तयारी करून घेते. त्यांना सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगते. नाक दाबून फुंकल्यावर कानात हवा जाते, एवढ्यावरून कान तयार आहेत असं म्हणता येत नाही. हवा हलक्या जोराने जायला हवी, हवी तेव्हा जायला हवी, दोन्ही कानांत जायला हवी आणि लागोपाठ जायला हवी. पुढची प्रत्येक चाचणी या चारांपैकी कुठल्या ना कुठल्या गोष्टीची आहे.

पहिले दोन मीटर का छळतात

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तोच मध्यकर्ण. तिला नाकाच्या मागच्या भागाशी जोडते ती युस्टेशियन नलिका. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलिमीटर लांब असते, एरवी मिटलेली असते, आणि गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात. त्या क्षणात आत-बाहेरचा दाब सारखा होतो. जमिनीवर हे दिवसभर आपोआप चालू असतं. पाण्यात मात्र ते आपल्याला मुद्दाम करावं लागतं.

समुद्रात दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे दर मीटरला साधारण ७६ मिलिमीटर पारा. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबात ६० च्या आसपास फरक पडला की बहुतेकांना दुखायला लागतं. ही खोली फक्त ८० सेंटिमीटर. फरक ९० च्या पुढे गेला की नलिकेचं नाकाकडचं मऊ तोंड दाबाने घट्ट चिकटतं आणि मग कितीही गिळलं तरी स्नायूंना ते उघडता येत नाही. ही खोली सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्यापुढे जोर लावून फुंकणं धोक्याचं, आणि तसंच खाली जात राहणं त्याहून धोक्याचं. पडदा नेमका किती दाबाला फाटेल हे माणसागणिक बदलतं. ढोबळ मर्यादा १०० ते ५०० मिलिमीटर पारा अशी धरतात, म्हणजे काहींचा पडदा दोन मीटरच्या आतही फाटू शकतो.

शिवाय पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जाताना कानातल्या हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. पुढच्या १० मीटरांत ते उरलेल्याच्या एक तृतीयांशानेच कमी होतं. ‘मला कुठे खोल जायचंय, पाच-सहा मीटरच तर आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कानांसाठी तोच सगळ्यात कठीण पट्टा आहे.

आपल्या रोजच्या अनुभवाशी ताडून पाहू. घोडबंदर रोडवरच्या चाळीस मजली टॉवरची लिफ्ट खाली येताना कानात ‘टक्’ होतं. तो दाबातला फरक जेमतेम १५ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतो, कानात दडे बसतात, लहान मुलं रडायला लागतात. तो अख्खा बोरघाट पाण्यात मोजला तर सुमारे ६५ सेंटिमीटर भरतो. घाट उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाण्यात तेवढंच अंतर पाच-सहा सेकंदांत कापलं जातं.

घरचे प्रयोग कुणी टाळावेत

कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा पूर्वी फाटला असेल, कान वाहत असेल, कानात ग्रोमेट (पडद्यात घालतात ती बारीक नळी) बसवलं असेल, कानाची कुठलीही शस्त्रक्रिया झाली असेल, चक्कर येण्याचा आजार असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, किंवा फाटलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुढचं काहीही न करता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, काचबिंदू किंवा नुकतंच झालेलं डोळ्यांचं ऑपरेशन असेल तर नाक दाबून फुंकायचा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. सर्दी चालू असेल तर ती पूर्ण जाऊ द्या. सर्दीतल्या चाचणीतून काही कळत नाही, उलट नाकातला चिकट स्राव कानात ढकलला जातो.

घरची चाचणी

एक वही घ्या. रोज एकदा, शक्यतो सकाळी नाक साफ केल्यावर, पाच-सात मिनिटं. दोन आठवडे. एका दिवसाच्या निकालावर जाऊ नका, कारण कान रोज सारखे वागत नाहीत. पाहायचं आहे ते नेमकं हेच की ते किती दिवस साथ देतात आणि कोणत्या दिवशी रुसतात.

सुरुवात साध्या गिळण्यापासून. शांत खोलीत बसा, पंखा बंद करा, तोंडात घोटभर पाणी घ्या आणि नाक मोकळं ठेवून गिळा. दोन्ही कानांत बारीक ‘टिक्’ किंवा चुरचुर ऐकू येते का? तो नलिका उघडल्याचा आवाज. बऱ्याच जणांना तो लहानपणापासून येत असतो, फक्त कधी लक्ष दिलेलं नसतं. एकाच कानात आला तर कोणत्या, ते वहीत लिहा.

दुसरी पायरी, नाक चिमटीत धरून गिळणं. हिला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या जोसेफ टॉयन्बी या कानाच्या सर्जनचं नाव आहे. घोट खाली उतरताना दोन्ही कानांत दाब बदलल्याचं, पडदा किंचित आत ओढल्यासारखं जाणवायला हवं. नंतर नाक सोडून पुन्हा एकदा गिळा, म्हणजे कान मोकळे होतील. या चाचणीवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे, कारण यात जोर लावताच येत नाही. जे घडतं ते स्नायूंनी केलेलं असतं. दोन्ही कानांना हे सहज जमत असेल तर पाण्यात सहसा अडचण येत नाही. मात्र काही निरोगी माणसांनाही हे जमत नाही, तेव्हा इथे अडलात म्हणून लगेच बुकिंग रद्द करू नका.

तिसरी पायरी सगळ्यांना माहीत असलेली: नाक दाबायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच फुंकायचं. इटालियन वैद्य अंतोनियो मारिया वाल्साल्वा यांनी १७०४ साली हे लिहून ठेवलं ते कानातला पू बाहेर काढण्यासाठी. डाइव्हर मंडळींनी ते पुढे उचललं. इथे महत्त्व आहे ते ‘हलकेच’ला. गाल फुगून चेहरा लाल होत असेल, डोळ्यांवर ताण येत असेल, तर ती चाचणी नापास धरा, कानात हवा गेली असली तरी. जोर वाढवत वाढवत करा आणि पहिल्या ‘पॉप’ला थांबा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ताणू नका. फार जोराने फुंकलं की छातीतला दाब डोक्यातल्या द्रवापर्यंत पोचतो आणि मध्यकर्ण आणि आंतरकर्ण यांच्यामधली नाजूक पडदी फाटू शकते. त्याने ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

इथे एक उलटी चाचणीही करून घ्या. ही बहुतेक जण करतच नाहीत. हलकेच फुंकून कान भरल्यासारखे झाले की नाक सोडा आणि एकदा-दोनदा गिळा. भरलेपणा लगेच जायला हवा. एखाद्या कानात तो मिनिट-दोन मिनिटं रेंगाळत असेल तर वर येताना तोच कान त्रास देण्याची शक्यता आहे. खाली जाताना अडचण आली तर माणूस वर येऊ शकतो. वर येताना कानातली हवा बाहेर पडली नाही तर पर्याय थोडे उरतात, आणि दोन्ही कानांत वेगळा दाब राहिला तर पाण्यात भोवळ येते.

चौथी पायरी जिभेची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मन डॉक्टर हेरमान फ्रेंझेल यांनी वैमानिकांना शिकवलेली ही पद्धत. नवशिक्यांनी वेळ द्यावा तो हिच्यावर. नाक चिमटीत धरा. छातीतली हवा बाहेर सोडून द्या आणि घसा असा बंद करा जसा जड पिशवी उचलताना आपोआप बंद होतो. आता जिभेचं टोक ‘त’ म्हणताना टेकतं तिथे, वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि जिभेचा मागचा भाग ‘क’ म्हणायला निघाल्यासारखा वर आणि मागे सरकवा. तोंडातली थोडीशी हवा वर नाकाकडे ढकलली जाते आणि कान ‘टक्’ करतात. बरोबर जमतंय का, हे तीन ठिकाणी कळतं. चिमटीतल्या नाकपुड्या बोटांखाली जराशा फुगतात. आरशात पाहिलंत तर गळ्याची घाटी वर सरकते. आणि पोटावर ठेवलेल्या दुसऱ्या हाताला काहीच जाणवत नाही. पोट घट्ट झालं की समजा, तुम्ही अजून फुंकताय.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचा डावा कान पहिल्या आठवड्यात अजिबात दाद देत नव्हता. फुंकून फुंकून त्या हैराण झाल्या होत्या. ‘अहो, पोटावरचा हात बघा,’ असं सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी पोट दगडासारखं होतंय. मग दोन-तीन दिवस नाक न दाबता, ‘क्’ला जीभ टाळूला लावून नुसती घाटी वर-खाली करण्याचा सराव झाला, आणि चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला: दोन्ही कान एकदम. कानाची रचना मुळातच आडवी येते असे लोक थोडे, आणि पद्धत चुकणारे जास्त, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

याशिवाय खालचा जबडा पुढे काढून फुंकणं, फुंकता-फुंकता गिळणं, टाळूचे स्नायू ताणून हात न लावता नलिका उघडणं असे प्रकार आहेत. ज्यांना जमतात त्यांना जमतात. वरच्या चार पायऱ्या झाल्या की करून पाहा.

आता वेग. सावकाश उतरणारा डाइव्हर मिनिटाला सहा मीटर खाली जातो असं धरलं आणि दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करायचे ठरवले, तर दर पाच सेकंदांनी एकदा ते जमायला हवं. म्हणून घड्याळ लावा आणि मिनिटभर, दर पाच सेकंदांनी, जिभेच्या पद्धतीने दोन्ही कान मोकळे करा. पहिल्या दोन-चारला जमतं आणि मग एक कान मागे पडतो, असं होत असेल तर मागे पडणारा कान आणि कितव्या वेळी मागे पडला ते लिहा. हीच नोंद पुढे डॉक्टरांना सर्वांत जास्त कामाची ठरते. फुंकण्याची पद्धत मात्र अशी लागोपाठ करू नका.

शेवटी आसन बदला. आधी बसून, मग उताणं झोपून, मग पलंगाच्या कडेवरून डोकं थोडं खाली सोडून. डोकं खाली गेलं की नाकाच्या आतल्या अस्तरात रक्त साकळतं, ते सुजतं आणि नलिका अरुंद होते. बसून जमणारं अनेकांना डोकं खाली असताना जमत नाही. तुमचं तसं असेल तर काळजीचं कारण नाही, पण पाय खाली आणि डोकं वर ठेवूनच उतरायचं हे आधीच पक्कं करा आणि इन्स्ट्रक्टरला तसं सांगा.

घाटाचा उपयोग

पुण्याहून परत येताना तुम्ही गाडी चालवत नसाल तर बोरघाट ही फुकटची चाचणी आहे. खंडाळ्यापासून खाली येताना च्युइंग गम किंवा गोळी तोंडात धरू नका. कान किती वेळा आपोआप सुटतात, कोणता आधी, आणि खोपोलीला पोचेपर्यंत एखादा बंदच राहतो का, हे पाहा. घाटात पास झालात त्याला फार अर्थ नाही, वेग इतका कमी असतो. पण सर्दी नसताना पनवेल आलं तरी एक कान बंदच असेल, तर तो निकाल गंभीरपणे घ्या आणि पाण्याआधी दवाखान्यात जा. विमान खाली उतरताना ज्यांचा कान दर वेळी ठणकतो त्यांनाही हेच लागू.

दवाखान्यात काय मागावं

ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळ-खारघरला काय, कान-नाक-घसा तज्ज्ञांची कमी नाही. पण दवाखाना निवडताना तिथे ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीची, सोय आहे ना, ते फोनवर विचारून घ्या. आणि डॉक्टरांना ‘कान बघा’ एवढंच म्हणू नका. ‘डाइव्हिंगला जायचंय, कानातला दाब सारखा करता येतो का ते तपासायचंय’ असं स्पष्ट सांगा, वही पुढे करा. डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा वैद्यकीय प्रश्नांचा फॉर्म आधी मिळाला असेल तर तोही न्या. त्यात कान आणि सायनसचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं खरी द्या.

पहिली तपासणी दुर्बिणीची. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा दिसतो आणि त्यावर खालच्या बाजूला प्रकाशाचा एक त्रिकोणी कवडसा पडलेला असतो. कॅमेरा असलेल्या दवाखान्यात हे सगळं स्क्रीनवर तुम्हालाही दिसतं. डॉक्टरांना विनंती करा की पडद्याकडे बघत असतानाच तुम्हाला नाक दाबून गिळायला आणि मग हलकेच फुंकायला सांगावं. फुंकताना पडदा बाहेर येतो, गिळताना आत जातो, कवडसा हलतो. पडदा खरंच हलला की तुम्हाला नुसता भास झाला, याचा निकाल इथे लागतो. कुणाला आवाज येतो पण पडदा हलत नाही, कुणाला काहीच जाणवत नाही आणि पडदा मात्र छान हलत असतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला तिथेच केवढा धीर येतो!

याच वेळी मळही पाहून घेतला जाईल. मळाचा गच्च बोळा बसला असेल तर त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये हवा अडकते आणि तिथला दाब सारखा करायला मार्गच राहत नाही. घट्ट हुड किंवा इअरप्लगने हेच होतं, म्हणून स्कूबा करताना साधे इअरप्लग घालायचे नाहीत. मळ डॉक्टरांकडूनच काढा, निघण्याच्या आठवडाभर आधी. बड्सने कोरून ओरखडे पडलेला कान खाऱ्या पाण्यात हमखास चिडतो.

दुसरी तपासणी टिंपॅनोमेट्री. कानात रबरी टोक बसवतात, बाहेरच्या नळीत दाब कमी-जास्त करतात आणि पडदा कधी सर्वांत सैल असतो याचा आलेख काढतात. मिनिटभराचं काम, दुखत नाही. टेकडी शून्याच्या आसपास आली तर ‘ए’ प्रकार. टेकडी उणे १०० डेकापास्कलच्या पलीकडे सरकली तर ‘सी’, म्हणजे मध्यकर्णात दाब कमी आहे. टेकडीच नसेल, रेघ सपाट असेल, तर ‘बी’: पडद्यामागे द्रव असू शकतो, पडद्याला छिद्र असू शकतं किंवा मळ आडवा आलेला असू शकतो. एक डेकापास्कल म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर पाणी. तेव्हा आलेखावर उणे १५० दिसलं तर समजा, तुमचा कान खुर्चीत बसल्या बसल्या १५ सेंटिमीटर पाण्याखाली आहे.

इथे एक इशारा. ‘ए’ आला म्हणजे सगळं ठीक, असं अनेकांना वाटतं. तो आलेख फक्त त्या क्षणाची, विश्रांतीची स्थिती सांगतो. पाण्यात लागतं ते काम त्यात तपासलं जात नाही. म्हणून आलेख तीनदा काढून मागा: आधी, नाक दाबून गिळल्यावर, आणि हलकेच फुंकून झाल्यावर. टेकडी गिळल्यावर एका बाजूला आणि फुंकल्यावर दुसऱ्या बाजूला सरकली तर नलिका हवी तेव्हा उघडते असं कळतं. याचीच सविस्तर आवृत्ती म्हणजे नऊ टप्प्यांची चाचणी. तीत कानाच्या नळीतला दाब आधी वाढवून आणि मग कमी करून गिळायला लावतात आणि प्रत्येक टप्प्यावर आलेख घेतात. ती सगळीकडे होत नाही. तीन आलेखांची चाचणी मात्र कोणताही ऑडिओलॉजिस्ट करून देऊ शकतो.

तिसरं, साधी ऑडिओमेट्री करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आज कान उत्तम असले तरी. पुढे कधी डाइव्हनंतर ऐकू कमी यायला लागलं तर आधी किती येत होतं हे सांगणारा तोच एक पुरावा असतो.

नाकही तपासलं जाईलच: वाकडा पडदा, पॉलिप, ॲलर्जी. ठाणे-नवी मुंबईत बाराही महिने कुठे ना कुठे बांधकामाची धूळ, आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी. नाकाची जुनी ॲलर्जी असलेल्यांनी उपचार डाइव्हच्या महिनाभर आधी सुरू करावेत, कारण नाकाच्या स्टेरॉइड स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात.

नौदलाच्या आणि व्यावसायिक डायव्हरांना प्रेशर चेंबरमध्ये बसवून दाब वाढवतात आणि कान टिकतात का ते बघतात. हौशी माणसाला त्याची सहसा गरज पडत नाही.

अडलात तर

एक कान हट्टाला पेटला असेल तर त्याच्याशी मारामारी करू नका. दिवसाला दोन छोटे सराव पुरे. नाक उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. मान दुखऱ्या कानाच्या विरुद्ध बाजूला झुकवा, म्हणजे तो कान वर येईल, आणि मग गिळा. नाकपुडीने फुगवायचा एक खास छोटा फुगा मिळतो, तो डॉक्टरांना विचारून वापरता येतो. तीन आठवड्यांच्या नियमित सरावानंतर आणि उपचारानंतरही तो कान हलक्या जोराला उघडत नसेल, तर ही सहल बोटीवरून स्नॉर्केलिंगपुरती ठेवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हा निर्णय आणखी लवकर घ्या. लहान मुलांची नलिका आखूड आणि आडवी असते, आणि मुलं दुखतंय हे उशिरा सांगतात.

पूलमधली चाचणी

घरी आणि दवाखान्यात सगळं नीट आलं की मगच पाणी. ठाण्याचा मारोतराव शिंदे तरणतलाव असो की तुमच्या सोसायटीचा पूल, खोल बाजू हवी आणि सोबतीला पोहता येणारं माणूस हवंच. लाइफगार्डला आधी सांगा की तुम्ही काय करणार आहात.

पोहण्याचा चष्मा चालणार नाही. त्यात नाक बाहेर राहतं, त्यामुळे चष्म्यातला दाब सारखा करता येत नाही आणि खाली जाताच तो डोळ्यांवर ओढला जातो. नाक झाकणारा डाइव्हिंगचा मास्क घ्या, ज्याच्या रबरावरून नाक चिमटीत धरता येतं. तो घालून घरीच एकदा जिभेची पद्धत करून बघा. काहींची बोटं जाड रबरावरून घसरतात आणि मग वाटतं कान बंद आहेत.

शिडीला किंवा कठड्याला धरून उभे राहा, पाणी हनुवटीपर्यंत. पहिला ‘टक्’ इथेच, पाण्याच्या वर. मग साधा श्वास घेऊन, पाय खाली ठेवून, शिडीच्या एका पायरीने खाली. कान मोकळे करा. दोन्ही झाले? पुढची पायरी. एक राहिला? खाली जायचं नाही, अर्धा मीटर वर या, मान जरा सैल सोडा, नजर वर करा आणि पुन्हा एकदा. तिसऱ्यांदाही नाही झालं तर त्या दिवसाचं काम संपलं. एका फेरीत दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त राहू नका, आणि श्वास जास्त वेळ टिकावा म्हणून आधी भराभर श्वास घेऊ नका. त्याने पाण्यातच शुद्ध हरपून जीव जाऊ शकतो.

दुखल्यावर कान मोकळे करायचे नसतात, दुखण्याच्या आधी करायचे असतात. पूलमध्ये बसवून घ्यायची सवय हीच. हात नाकाकडे आपोआप जायला लागला, विचार न करता, की सराव पुरला. अडीच-तीन मीटरपर्यंत दोन्ही कान असे न दुखता गेले तर नलिका चिकटण्याची सव्वा मीटरची हद्द तुम्ही आरामात ओलांडली आहे.

निघायची रात्र आणि बोटीवरची सकाळ

ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरायचं आणि थेट तारकर्ली गाठायची, असा बहुतेकांचा बेत असतो. रात्रभर एसीची थंड हवा नाकावर, झोप अर्धवट. सकाळी नाक चोंदलेलं असण्याची शक्यता बरीच. म्हणून पहिल्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. शक्य असेल तर एक रात्र तिथे काढून दुसऱ्या सकाळी जा.

बोटीवर चढण्याआधी वहीतली दुसरी आणि चौथी पायरी करा. पहिल्या प्रयत्नात, हलक्या जोराने, दोन्ही कान. हे झालं नाही तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, पैसे भरलेले असले तरी. नाक मोकळं करायचे थेंब मारून वेळ मारून नेण्याचा सल्ला बोटीवर कुणी ना कुणी देतंच. त्यांचा परिणाम पाण्याखाली असताना ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते.

पैसे देण्याआधी इन्स्ट्रक्टरशी बोलून घ्या. पहिल्या डाइव्हला तोच तुम्हाला धरून खाली नेतो, वेग त्याच्या हातात असतो. ‘दादा, माझा डावा कान उशिरा सुटतो, सावकाश घ्या, मी कान दाखवला की थांबा,’ हे मराठीतच सांगा, संकोच करू नका. चांगला माणूस स्वतःच ‘कान दुखता काय?’ असं दोनदा विचारील आणि खूण शिकवील: पंजा आडवा धरून डुगडुगवायचा आणि मग बोट कानाकडे. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, ‘छान’ नव्हे. उतरताना दोर धरून, पाय खाली ठेवून, दर हातभर अंतराला कान मोकळे करत जा.

वर आल्यावर

त्याच दिवशी संध्याकाळी घरचीच गिळण्याची चाचणी पुन्हा करा आणि वहीत लिहा. कान थोडे जड वाटणं दिवसभरात जायला हवं. भरलेपणा राहिला, कानात पाणी हलल्यासारखा आवाज आला, थुंकीत किंवा नाकातून रक्त दिसलं, तर मध्यकर्णाला मार बसलाय. पुन्हा डाइव्ह नाही, पोहणं नाही, विमान नाही, आणि तज्ज्ञांना दाखवून पडदा पूर्ववत झाल्याचं कळेपर्यंत नाक दाबून फुंकणंही नाही. पडद्याला किती इजा झाली याची प्रतवारी डॉक्टर करतात. नुसत्या लालीपासून पडद्यामागे रक्त भरण्यापर्यंत आणि छिद्रापर्यंत तिच्या पायऱ्या आहेत, आणि विश्रांती किती ते त्यावरून ठरतं.

भोवळ येत असेल, एका कानाने अचानक कमी ऐकू येत असेल किंवा कानात शिटी वाजायला लागली असेल, तर ठाण्याला परतेपर्यंत थांबू नका. आंतरकर्णाला धक्का बसलेला असू शकतो आणि उपचारात तास मोलाचे असतात. तिथल्या तिथे जवळचा कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, डोकं उंचावर ठेवून पडा, जोर लावून शिंकरू नका, जड सामान उचलू नका. परतीचा प्रवास डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आणि तोही कोकण रेल्वेने, आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरमार्गे नको. सोबत वही आणि ऑडिओमेट्रीचा जुना कागद न्या, आणि डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: किती खोल गेलात, कान नेमका उतरताना दुखला की वर येताना, किती जोराने फुंकलंत, आणि पहिली भोवळ केव्हा आली.